बाबलच्या होडीचे डोळे

“श्वास सोडू नका! एकानेही श्वास सोडायचा नाही! आणि त्या कुत्र्याला कोणीतरी सांगा!”

मास्तर शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. शिडी वाळूत, वाळू ओली, आणि समोर बाबलची नवी कोरी निळी होडी. होडीच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन डोळे काढलेले. एकेक डोळा परातीएवढा. परातीही मी मोठ्याच बघितलेल्या आहेत, तेव्हा काय तो अंदाज करा. मुंबईहून चित्रकला शिकायला आलेली आम्ही मंडळी गाल फुगवून उभी होतो. आमच्या मागे अर्धं गाव गाल फुगवून उभं होतं. आमच्यापैकी खोताच्या वाडीतल्या ग्रेसी आंटींनी एका हातात गळ्यातला क्रूस धरला होता आणि दुसऱ्या हातात माझं मनगट. परळच्या कांबळेबाईंनी डोळेच मिटून घेतले होते. आणि सगळ्यांच्या पुढे बाबल, खांद्यावरचा पंचा पिळत. पंचा कोरडा होता, तरी त्यातून पाणी निघालं. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

पंचा पिळणार नाही तर काय करेल? मास्तरांच्या ब्रशच्या टोकावर त्याचा सगळा हंगाम लोंबत होता. मास्तरांचा हात चुकला असता तर ती होडी पाण्यात जाणार नव्हती. कधीच.

मी बोलण्यावर पोट भरणारा माणूस. हिंदमाताला साडीच्या दुकानात गादीवर बसून एका दमात राणी, रामा, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, अबोली असे रंग ओततो, की गिऱ्हाईक नको असलेली साडीही घेऊन जातं. अशा माणसाला तोंड मिटून, वर श्वास रोखून उभं करणं म्हणजे काय, ते त्या सकाळी मला कळलं. माझ्या डोळ्यांपुढे आधी अबोली आला, मग राणी, मग चिंतामणी. आता काळी चंद्रकळा येते की काय असं वाटायला लागलं.

पण हे असं मधूनच सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. आधी मास्तर सांगायला हवेत. ते मला अजूनही कळलेले नाहीत, पण न कळलेला माणूस सांगायला जास्त सोपा जातो.

मास्तर लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यात घडवणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे, मुकुटाला सोनेरी लावणारे वेगळे. सगळ्यांचं झालं की शेवटी आखणीवाला परांचीवर चढतो. तोवर समोर नुसता सोंड लावलेला ढीग असतो. आखणीवाला दोन रेघा ओढून खाली उतरतो आणि तो ढीग तुमच्याकडे बघायला लागतो. मग त्याच कारखान्यातले मघाशी त्याच्या मांडीवर पाय ठेवून चढणारे कामगार चपला बाहेर काढून येतात.

मास्तर डोळा काढायला लागले की कारखान्यात कोणी श्वास घ्यायचा नाही, हा नियम. “श्वास सोडला की हवा हलते. हवा हलली की रेघ हलते. रेघ हलली की देव तिरळा.” एकदा ते मोठ्या मूर्तीचा डोळा काढत होते, तेव्हा चिंचपोकळीच्या पुलावरची बस आपोआप थांबली होती. ड्रायव्हर नंतर म्हणाला की पुढे ट्रॅफिक होता. ड्रायव्हर काय, काहीही म्हणेल.

माणसांचे ते दोनच प्रकार मानायचे, शाडूचे आणि प्लास्टरचे. शाडूचा माणूस जड, लवकर तडकणारा, पण पाण्यात घातला की विरघळणारा. प्लास्टरचा माणूस हलका, चकचकीत, आतून पोकळ, आणि विसर्जन झालं तरी दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पडलेला. माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावून ऐकलं, आणि म्हणाले, “प्लास्टर.” मी हे कौतुक समजलो. बायकोने घरी समजावून सांगितलं.

ती ओळख आमच्या दुकानातच झाली. मास्तर पितांबराचा पिवळा शोधायला आले होते. मी हळदी काढला, लिंबू काढला, केशरी झाक असलेला सोनसळी काढला. मास्तर प्रत्येक साडीसमोर उभे राहायचे, मागे मागे पावलं टाकत जायचे आणि विचारायचे, “हा रंग बघतो कुठे?”

“म्हणजे कुठे दिसतो?”

“दिसतो नाही. बघतो. हा लिंबू तुमच्याकडे बघतोय. हा हळदी दाराकडे. मला समईकडे बघणारा पिवळा पाहिजे.”

असं करत करत ते मागे सरकत गेले ते थेट दुकानाबाहेर, फुटपाथवर, तिथून एका रिकाम्या टॅक्सीच्या उघड्या दारातून आत. टॅक्सीवाल्याने मीटर टाकलं. मास्तर भायखळ्यापर्यंत गेले असावेत, कारण परत यायला त्यांना बराच वेळ लागला. आल्यावर त्यांनी सोनसळीकडे बघितलं आणि म्हणाले, “हा आता झोपलाय. उद्या येतो.” ते आलेच नाहीत. आमचे शेठ मात्र तेव्हापासून संध्याकाळी दुकान बंद करताना पिवळ्या साड्यांवर पांढरं कापड टाकतात.

हे मागे चालणं त्यांना कारखान्याने लावलेलं होतं. मोठी मूर्ती जवळून कळत नाही, लांब जाऊन बघावी लागते. लांब जायला पाठ फिरवली तर नजर तुटते, म्हणून उलटं चालायचं. कारखान्याची शेड मोठी असली तरी तिला शेवटी भिंत असते. पण पुढे मास्तरांनी जो उद्योग काढला तिथे मागे भिंतच नव्हती.

झालं असं, की एका वर्षी आमच्या चाळीच्या फळ्यावर कागद लागला. समुद्रकिनारी चित्रकला सहल. शिकवणे, राहणे, मासे. मी शेवटचा शब्द वाचला आणि नाव दिलं. काही जण मात्र खरोखर चित्रकलेसाठीही आले होते. ग्रेसी आंटी घरच्या कॅलेंडरातल्या स्वित्झर्लंडला कंटाळल्या होत्या. कांबळेबाई बँकेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि जलरंगाचा नवा संच घेऊन आल्या होत्या, त्याचं प्लॅस्टिकही न फाडता.

मी मास्तरांना विचारलं होतं, “गणपती सोडून समुद्राच्या काय नादी लागलात?”

“विसर्जन झालं की कारखाना रिकामा,” ते म्हणाले, “मग माझ्याकडे बघणारं कोणी उरत नाही.”

कोकणातल्या त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही उद्याच जाऊन तिथले बांगडे संपवाल. किनाऱ्याला लागून बाबलचं घर. बाबल मासेमारी करायचा आणि त्याची बायको, शालनवहिनी, आमच्यासारख्या पाहुण्यांना राहायला खोल्या आणि जेवायला ताट द्यायची. समोर माडांची रांग, पुढे वाळू, पुढे समुद्र. समुद्र सकाळी रामा आणि दुपारी मोरपंखी, संध्याकाळी त्याला जरीचा काठ यायचा. नुसतं बसून काढलं असतं तरी चित्र झालं असतं.

मास्तरांनी पहिल्या दिवशी काय काढायला लावलं? नारळाचे डोळे.

मास्तर आयुष्यभर परांचीवर राहिलेले, त्यांना जमिनीवरून शिकवता येईना. म्हणून त्यांनी बाबलची माडाची शिडी वाळूत रोवली, दोन वासे लावून उभी केली आणि वर चढून शिकवायला लागले. ओल्या वाळूत शिडी हळूहळू खाली जायची. सकाळी सुरुवातीला मास्तर ढगात असायचे, नऊ-दहाला माडाच्या अर्ध्यावर, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आमच्या उंचीचे होऊन आमच्याशी नीट बोलायला लागायचे. शंका विचारायच्या तर त्या वेळी.

“मास्तर,” कांबळेबाईंनी एकदा विचारलं, “समुद्र कधी काढायचा?”

“त्याची नजर कुठे आहे ते सांगा, मग काढा.”

“समुद्राची?”

“समुद्राची, डोंगराची, त्या खेकड्याची. प्रत्येक जण कुठेतरी बघत असतो. आधी ती जागा शोधा. नाहीतर कागदावर नुसता रंग सांडेल.”

आम्ही शोधायला लागलो. ग्रेसी आंटी डोंगरासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि दुपारी म्हणाल्या, “अरे बाबा, हा माउंटन माझ्याकडे बघतोय असं मला वाटायला लागलंय. आता मी काय करू? स्माइल करू?” मी एका खेकड्याची नजर शोधत त्याच्या मागे गेलो. खेकडा आडवा चालत होता, मी सरळ, आमची गाठच पडेना. कांबळेबाईंनी तर समुद्राकडे इतका वेळ बघितलं, की शेवटी समुद्राने दुसरीकडे मान वळवली. हे त्यांनीच सांगितलं. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, ती माझी आहे.

आणि मग ते उलटं चालणं. आमचं चित्र बघताना मास्तर मागे सरकत सरकत समुद्रात जायचे. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. तिथून ओरडायचे, “बरं आहे! डावा डोळा मेलाय!” तोंडात आडवा ब्रश धरायची सवय, वर लाटांचा आवाज, त्यामुळे निम्मं कळायचं नाही. पाण्यात उभं असताना एकदा मात्र स्पष्ट म्हणाले होते, “ह्याच्यात माझे किती डोळे पडलेत, काय सांगू.” आम्ही सगळेच जरा मागे सरकलो.

जेवताना आणखी एक त्रास होता, तो फक्त मला. मास्तर समोर बसायचे आणि स्वतःचा भात चिवडत माझ्याकडे टक लावून बघायचे. शालनवहिनींनी बांगडा आणून वाढला की मास्तर म्हणायचे, “थांबा. लगेच घास घेऊ नका.”

“का?”

“थांबा हो जरा.”

मी थांबायचो. बांगडा गरम, त्यावर तांबडा तिखटाचा थर, कडेने तव्यावरचा कुरकुरीत रवा, आणि मी थांबलेला. मग म्हणायचे, “हं, चालू द्या.” पुढचा तुकडा आला की परत, “थांबा.” मला वाटलं, माणूस माझे बांगडे मोजतोय. मी भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो. तर मास्तर ताट उचलून भिंत आणि मी ह्यांच्या मध्ये येऊन बसले.

अशात बाबलची होडी तयार झाली. त्याची जुनी होडी आदल्या पावसाळ्यात खडकावर फुटली होती. तेव्हापासून बाबल दुसऱ्यांच्या होडीवर हाताखाली जायचा. ही नवी निळी होडी वाळूवर येऊन उभी राहिली तेव्हा त्याने तिला चारही बाजूंनी हात लावून बघितलं, घरातल्या म्हशीला लावतात तसा. हंगाम ऐन भरात होता. बाकीच्या होड्या रोज भरून येत होत्या. सकाळी नारळ फोडून ती पाण्यात लोटायची, एवढंच राहिलं होतं.

बाबल मास्तरांकडे आला. “मास्तरानू, पुढे दोन फुला काढून द्या. कमळ-बिमळ. घरची माणसा खूश होतली.”

“बघतो,” मास्तर म्हणाले.

बाबल बर्फ आणायला तालुक्याला गेला. आता मला सांगा, जन्मभर ज्या माणसाने डोळ्यांशिवाय दुसरं काही काढलेलं नाही, त्याला तुम्ही दोन फुगीर बाजू आणि मध्ये उंच नाळ, म्हणजे होडीचं पुढचं वर आलेलं लाकूड, असलेली कोरी वस्तू देऊन बर्फ आणायला जाल? बाबल गेला. आला तेव्हा होडी त्याच्याकडे बघत होती.

ती साधी नजर नव्हती. लालबागची नजर होती. काठाने कोरलेली, टोकाला कानाकडे ओढलेली, बुबुळावर पांढरा थेंब. डावीकडे जा, तुमच्याकडे बघते. उजवीकडे जा, तुमच्याकडे बघते. मी मुद्दाम माडामागे लपून बघितलं, तिला माहीत होतं.

“ह्या काय?” बाबल म्हणाला.

“डोळे,” मास्तर म्हणाले.

“ता माका दिसता. पण ही माझ्याकडे कित्याक बघता?”

तेवढ्यात शालनवहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी होडी बघितली, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. झालं. तिथेच बाबलची होडी गेली.

संध्याकाळपर्यंत होडीसमोर जास्वंदाची फुलं पडली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शेजारच्या गावात गेला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून परत मलाच आला, खाली ‘पुढे पाठवा, इच्छा पूर्ण होईल’ असं लिहून. माणसं नारळ घेऊन यायला लागली. होडीजवळ जाताना चपला काढायला लागली. वाळू तापलेली, त्यामुळे सगळे नाचत नाचत दर्शन घेऊन जायचे, आणि लांबून बघणाऱ्याला ती भक्ती वाटायची.

“हे बघा,” ग्रेसी आंटी वैतागून म्हणाल्या, “हा गॉड आहे की बोट आहे, एकदा फायनल करा. चप्पल काढायची की नाही मला कळत नाही, पाय भाजतात.”

फायनल करायला गावातली वडीलधारी जमली. एक जण म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा ही होडीच. दुसरे म्हणाले, प्रतिष्ठा नसेल झाली, पण बघतो ना तो? तिसरे म्हणाले, होडीला सोंड कुठे आहे? त्यावर चौथ्याने नाळेकडे बोट दाखवलं आणि तिसऱ्यांनी चपला काढल्या.

बाबलला ह्यातलं काहीच नको होतं. त्याला जाळी चढवायची होती. त्याने जाळं उचललं, होडीपर्यंत नेलं, डोळ्यात डोळा गेला आणि जाळं तसंच खाली ठेवलं. शालनवहिनी म्हणाल्या, “देवाच्या डोक्यार तुमी बांगडे ओततलास? वास येता तो येता, वर रक्त.”

“मगे मी काय करू? होडी घरात पुजूक ठेवू?”

“तुमका हिच्यात बसान मी जावक देवचंय नाय.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “गणपतीक पाण्यात सोडतत, तो परत येता काय? सांगा माका. येता?”

त्या किनाऱ्यावर दर वर्षी गणपती पाण्यात जातात आणि परत येत नाहीत, हे सगळ्यांनी लहानपणापासून बघितलेलं. डोळे असलेली वस्तू पाण्यात लोटली की ती गेली. तिच्यात माणूस बसलेला असेल तर? बाबलने समुद्राकडे बघितलं. मग पोरांच्या शाळेच्या कपड्यांकडे, दोरीवर वाळत होते त्यांच्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे वळला.

“पुसून टाका.”

“आखणी पुसत नाहीत,” मास्तर म्हणाले.

“मी पुसतंय.” बाबलने निळ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, होडीसमोर गेला. हात वर केला. हात वरच राहिला. रंग ओघळून त्याच्या कोपरापर्यंत आला, कोपरावरून बनियनवर आला. मग तो खाली बसला आणि म्हणाला, “मास्तरानू, माका देव नको होतो. माका होडी व्हयी होती.”

जेवताना सोडलं तर मास्तरांचं तोंड तेव्हा मी पहिल्यांदा ब्रशशिवाय बघितलं. त्यांनाही काही कळत नव्हतं. जन्मभर ज्याने फक्त एकच नजर दिली, जी मिळाली की लोक हात जोडतात, त्याला कोणी तरी म्हणत होतं, ही परत घे. ते होडीपासून उलटे चालायला लागले आणि समुद्रात गेले. गळ्यापर्यंत. कांबळेबाईंनी हाका मारल्या तेव्हा परत आले.

पुढचे काही दिवस असेच गेले. होडी वाळूवर, बाबल पायरीवर, दुसऱ्यांच्या होडीवर जायचंही त्याने सोडलं होतं. चित्रकला बंद, कारण शिडीवर चढायला मास्तर तयार नव्हते. शालनवहिनींच्या घरात मासे येईनात. आम्ही डाळ, भात आणि एकमेकांची तोंडं खात होतो.

मग एका दुपारी शेजारच्या होडीवाल्याने दया येऊन थोडे बांगडे पाठवले. शालनवहिनींनी ते पाहुण्यांना वाढले. माझ्या ताटात एक पडला. इतक्या दिवसांनी. मी त्याच्याकडे बघितलं.

“थांबा!” मास्तर समोरून ओरडले.

“मास्तर, आज नाही हां! आज मी थांबणार नाही!”

“हलू नका! मान वर करू नका! बघत राहा!”

मी बघत राहिलो. माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी हनुवटीपर्यंत आलं असेल. मास्तर वाकून, ताटाला नाक लावून खालून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग हात न धुताच उठले आणि उष्ट्या हाताने शिडी ओढत बाहेर गेले. मला वाटलं, माणूस कामातून गेला. बांगडा मात्र चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरडाओरडा, जिथून मी सुरुवात केली.

“पुसणार नाही,” मास्तरांनी शिडीवर चढण्याआधी बाबलला सांगितलं होतं, “वळवणार.”

“खय?”

मास्तर शिडीवर चढले. निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि “श्वास सोडू नका!” म्हणून ओरडले. कुत्राही गप्प झाला. वरच्या पापणीची जी रेघ होती तिच्यावर त्यांनी ब्रश टेकवला आणि निळी पापणी खाली ओढायला सुरुवात केली. त्याच वेळी शिडी वाळूत बसायला लागली. मास्तर खाली, ब्रश खाली, पापणी खाली. गावात आजही सांगतात की ती पापणी मास्तरांनी ओढली. मी तिथे होतो. अर्धी शिडीने ओढली.

मग काळा रंग. बुबुळ खालच्या कडेला टेकवायचं होतं. एका डोळ्याचं झालं. मास्तर उतरले, शिडी पलीकडे लावली, चढले. आम्ही श्वास सोडलाच नव्हता. दुसरा डोळा तंतोतंत तसाच यायला हवा होता. तिरळी होडी गोल गोल फिरत बसेल, ह्याबद्दल गावात एकमत होतं. बाबलने पंचा इथेच पिळला. मास्तरांनी एकाच ओढीत काळा रंग खाली उतरवला.

“सोडा!”

सगळ्या किनाऱ्याने एकदम श्वास सोडला. माड समुद्राकडे वाकले ते अजून तसेच आहेत, जाऊन बघा.

होडी आता आमच्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती. डावीकडे गेलो, नाही बघितलं. उजवीकडे गेलो, तिला पत्ताच नाही. तिचं सगळं लक्ष पाण्यात, एक विलक्षण ओढ असलेलं, जरा ओलसर, जगाचा विसर पडलेलं. शालनवहिनींनी बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला.

“आता नाय बघणा ही आमच्याकडे,” त्या म्हणाल्या, “माश्याकडे बघता.” आणि जाळ्याचं एक टोक स्वतः उचलून होडीत टाकलं.

बाबल त्याच भरतीला गेला. शालनवहिनी घरात गेल्या नाहीत, तिथेच वाळूत बसून राहिल्या. आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि पहिल्यांदा समुद्राचं चित्र काढलं, कारण त्या दिवशी समुद्राची नजर कुठे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. होडी परत आली. इतकी भरून, की तिच्या डोळ्यांना पाणी लागत होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्या नजरेवर आमची चर्चा झाली. ग्रेसी आंटी म्हणाल्या, “चर्चमधली मदर मेरी बाळाकडे बघते ना, तशी.” कांबळेबाई म्हणाल्या, “आमच्या घरी बुद्धमूर्ती आहे, तिची नजर अशीच खाली असते. करुणा म्हणतात तिला.” मला करुणा पटली. मुंबईला आल्यावर मी ती दुकानात चालवायलाही सुरुवात केली. गिऱ्हाईक साडीच्या पदराकडे बघायला लागलं की म्हणायचो, “ताई, अशीच नजर ठेवा, ह्या नजरेला करुणा म्हणतात, आमच्या मास्तरांनी कोकणात एका होडीला दिली, तेव्हापासून तिथला समुद्र शांत आहे.” साड्या जास्त जायला लागल्या. शेठनी मला नवा पंखा दिला.

हे मास्तरांना सांगायला हवं असं मला वाटलं. कारखान्यात नव्या मूर्ती उभ्या राहायला सुरुवात झाली होती, मास्तर परांचीवर होते, तोंडात ब्रश आडवा. मी खालून सगळं सांगितलं, मदर मेरी, बुद्ध, करुणा, समुद्र शांत, सगळं, थोडं वाढवूनच. आणि विचारलं, “मास्तर, इतक्या वर्षांत तुम्ही अशी नजर कुठल्या मूर्तीला दिली नाहीत. त्या होडीसाठी ती आणलीत कुठून?”

मास्तरांनी तोंडातला ब्रश काढला.

“तुमची आहे,” ते म्हणाले, “ताट आल्यावरची.”